"आधीची नोकरी का सोडलीत?" : एका प्रश्नाचा इतिहास

१/ "आधीची नोकरी का सोडलीत?" नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न येतोच, आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : जुन्या मालकाविषयी वाईट बोलू नका. हा सल्ला शिष्टाचार म्हणून दिला जातो. परंतु त्यामागे दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात चिठ्ठ्या आहेत, मुकादम आहेत, बदली कार्डे आहेत आणि एक रविवारची सुट्टीही आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम स्थळ. भाईंदर सोडल्यावर गाडी वसईची खाडी ओलांडते आणि पहिले स्थानक येते ते आमचे नायगाव. याच लोहमार्गावर १८६७ साली विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली. आज आमच्या नायगावातून सकाळी निघणाऱ्या गर्दीत रोज काही जण तरी मुलाखतीला निघालेले असतात : फाईल, पाण्याची बाटली आणि मनात घोकलेली उत्तरे. त्यांतील सर्वांत जपून घोकलेले उत्तर याच प्रश्नाचे असते.

३/ नायगाव आणखी एक आहे, दादरजवळचे. तेथे १९२० च्या दशकात बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या आणि गिरणी कामगारांच्या पिढ्या त्यांत नांदल्या. कामगाराने जुन्या मालकाविषयी काय बोलावे, कोणापुढे बोलावे, याचा मराठी इतिहास शोधायचा तर त्या नायगावाकडे आणि सभोवतालच्या गिरणगावाकडे जावे लागते. पण त्याआधी थोडे मागे, साहेबांच्या बंगल्यांकडे जाऊ.

४/ कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या अमदानीत बंगल्यावर काम मागायला येणाऱ्याकडे जुन्या साहेबाची चिठ्ठी असावी लागे. हा आपलाच शब्द इंग्रजांनी उचलून 'चिट' असा आखूड केला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रख्यात कोशात या शब्दाच्या अर्थांमध्ये 'नोकराला दिलेला दाखला' हाही अर्थ नोंदवलेला आहे. म्हणजे तोवर ही रीत कोशात जाण्याइतकी रुळलेली होती.

५/ चिठ्ठी इंग्रजीत असे आणि ती बाळगणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. त्या काळच्या इंग्रजी लेखनात एक किस्सा निरनिराळ्या रूपांत भेटतो : एखादा खानसामा मोठ्या अभिमानाने चिठ्ठी पुढे करतो आणि तीत लिहिलेले असते की हा मनुष्य आळशी आहे, याला ठेवू नका. उसन्या आणि बनावट चिठ्ठ्यांच्या कथाही तितक्याच. हे किस्से विनोद म्हणून सांगितले गेले आहेत. मात्र ते सांगणारे सगळे साहेब आहेत. खानसाम्याने साहेबाविषयी लिहिलेली चिठ्ठी दप्तरात सापडत नाही.

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणताही कागद हाती घेताना तीन प्रश्न विचारायला शिकवतात : कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि कोणाला तो वाचता येत होता? चिठ्ठी मालकाने लिहिली, दुसऱ्या मालकासाठी लिहिली. ज्याच्याविषयी ती होती तो केवळ वाहक होता. आजच्या मुलाखतीतील अवघडलेपणाचे मूळ मला येथे दिसते.

७/ ही केवळ वसाहतीतील रीत नव्हती. इंग्लंडमध्ये नोकरांच्या खोट्या दाखल्यांविरुद्ध १७९२ साली कायदा झाला. खोटा दाखला देणाऱ्यास वा दाखवणाऱ्यास २० पौंड दंड होता. त्या काळी घरगड्याला ही रक्कम वर्षाच्या पगाराइतकी भारी. दुसरीकडे, मालकाने दाखला दिलाच पाहिजे असे बंधन मात्र नव्हते. खोटे बोलण्यास शिक्षा होती; गप्प राहून माणसाला उपाशी ठेवण्यास नव्हती. हा कायदा पुस्तकातून अधिकृतपणे काढून टाकला गेला तो थेट २००८ साली.

८/ फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळात, १८०३ साली, कामगारासाठी 'लिव्हरे' नावाची पुस्तिका आली. प्रत्येक मालकाने त्यात कामाच्या नोंदी करायच्या, कामगाराने उचल घेतली असेल तर तीही लिहायची. पुस्तिका नसलेला कामगार भटक्या ठरे. नोकरी चालू असताना पुस्तिका मालकाच्या ताब्यात असे. ती हाती पडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. १८९० साली ही पद्धत बंद झाली. आज अनुभवपत्र अडवून ठेवल्याची तक्रार ऐकली की मला ती पुस्तिका आठवते.

९/ भारतात १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला फौजदारी न्यायालयात खेचता येत असे आणि आदेश न पाळल्यास तुरुंगात धाडता येत असे. हा कायदा १९२० च्या दशकापर्यंत टिकला. "का सोडलीत?" हा प्रश्न त्या काळी मॅजिस्ट्रेट विचारू शके. आजही तो ऐकताच आपण नकळत आरोपीसारखे बसतो, यात नवल नाही.

१०/ आता गिरणगाव. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली. १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढच्या दशकांत कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांच्याजवळ चिठ्ठी नव्हती. त्यांच्याजवळ ओळख होती, आणि ती ओळख मुकादमाच्या हाती होती.

११/ मुकादम, ज्याला इंग्रजी कागदपत्रांत 'जॉबर' म्हणतात, तोच माणसे भरती करी, काम वाटून देई, रजा देई आणि काढूनही टाकी. स्त्रियांच्या खात्यांवर हेच काम करणारी नायकीण असे. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. मुकादम एक गिरणी सोडून दुसरीत गेला की आपली माणसेही घेऊन जाई. त्यामुळे कामगाराचा 'आधीचा मालक' बहुधा गिरणीचा शेठ नव्हताच. तो मुकादम होता. शेठने त्याला कधी पाहिलेलेही नसे.

१२/ येथे चिठ्ठीची जागा तोंडच्या शब्दाने घेतली. "अमक्याचा माणूस आहे" एवढे पुरे. हीच ओळख बिघडली तर मात्र एका मुकादमाविषयी काढलेला शब्द दुसऱ्याच्या कानी जाण्यास चाळीची एक गॅलरी पुरेशी होती. एकट्या कामगाराचे मौन हे भिडस्तपणाचे लक्षण नव्हते. ती उद्याच्या भाकरीची तजवीज होती.

१३/ 'अनुभव' या शब्दाकडेही थोडे थांबून पाहायला हवे. विणकाम खात्यात पगार चांगला असे. धोट्यातील धागा ओढून घेताना तो तोंडाने ओढावा लागे, या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याला मागावर उभेच राहू दिले नाही, त्याला "मागाचा अनुभव आहे का?" असे विचारणे म्हणजे जुना अन्याय नव्या नोकरीत पुढे चालवणे होय.

१४/ मग कामगार मालकाविषयी बोलले कधी? एकत्र आले तेव्हा. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. कारखाना आयोगासाठी तयार झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरल्या तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई. प्रत्येक मागणीत तत्कालीन मालकाविषयीची एकेक तक्रार दडलेली आहे.

१५/ २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीच्या दारात एकट्याने हेच शब्द उच्चारले असते तर काम गेले असते. सभेत दहा हजारांच्या साक्षीने उच्चारले तेव्हा आठवड्याचा एक दिवस मिळाला. वाक्य तेच, फरक होता तो बोलणाऱ्यांच्या संख्येचा आणि ऐकणारा कोण याचा.

१६/ १९२८ मध्ये गिरणी कामगार सुमारे सहा महिने संपावर होते. त्यानंतर १९२९ मध्ये नेमल्या गेलेल्या शाही कामगार आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, देशभर साक्षी नोंदवल्या. १९३१ च्या अहवालात मुकादमाच्या हातातील भरतीचा आणि बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा, त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस होती. माणसाचे भवितव्य एकाच्या मर्जीवर असू नये, ही गोष्ट सरकारी अहवालात प्रथमच इतक्या ठळकपणे आली.

१७/ १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण पद्धत सुरू झाली. बदली कामगारांना दर महिन्याच्या आरंभी कार्डे मिळू लागली. कार्डवाल्याने रोज सकाळी दारात हजर राहायचे, खाडा झालेल्याच्या जागी त्याला घ्यायचे. मुकादमाचा शब्द पूर्णपणे संपला असे नव्हे. परंतु ओळखीच्या जोडीला कागद आला, आणि या कागदावर "हा माणूस कसा आहे" यापेक्षा "हा कधी हजर होता" याला महत्त्व होते.

१८/ १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची मुदत बांधली. मालकाने कामावरून काढल्यास दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर हिशेब चुकता करावा, असेही बंधन घातले. पुढे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातील नमुना नियमांनी आणखी एक पाऊल टाकले : कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती वा निवृत्ती, काहीही असो, सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क आहे. बडतर्फ झालेल्यालाही! मालकाची मेहेरबानी असलेली चिठ्ठी येथे कामगाराचा हक्क झाली.

१९/ युरोपातही हीच दिशा दिसते. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला दाखला देणे बंधनकारक आहे. तो खरा आणि सद्भावनेचा असावा लागतो, त्यात गुप्त खुणा चालत नाहीत. परिणामी तेथे कौतुकाचीच एक सांकेतिक भाषा तयार झाली : "यांनी प्रयत्न केला" याचा अर्थ जमले नाही. इंग्लंडमध्ये १९९४ साली 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की शिफारसपत्र लिहिताना मालकाने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. निष्काळजीपणे कोणाचे नाव बिघडवले तर भरपाई द्यावी लागेल.

२०/ आता या विषयातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले डॉ. आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या माणसाची पहिली मोठी नोकरी अशी सुटली.

२१/ नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आता कल्पना करा, "आधीची नोकरी का सोडलीत?" या प्रश्नाचे त्यांच्यापाशी असलेले खरे उत्तर कोणते? ते कामाविषयी नव्हते, पगाराविषयी नव्हते, मालकाच्या स्वभावाविषयीही नव्हते. ते शहराविषयी आणि समाजाविषयी होते. 'वाईट बोलू नका' हा सल्ला अशा माणसाला नेमके काय गिळायला सांगतो, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी करावा.

२२/ बाबासाहेबांनी ते उत्तर दिले, पण स्वतः निवडलेल्या जागी. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात हा प्रसंग आहे. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यात शिव्याशाप नाहीत. कोण काय म्हणाले, कोणता दिवस होता, कोठे गेलो, कोणी नकार दिला, एवढेच आहे. म्हणूनच ते शंभर वर्षांनंतरही साक्ष म्हणून उभे राहते. तक्रार विसरली जाते. तपशिलासह दिलेली साक्ष टिकते.

२३/ शेवटचा टप्पा १९८२ चा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. हजारोंना पुन्हा आत घेतले गेले नाही, पुढे गिरण्याच बंद पडल्या. वीस-वीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस रखवालदाराच्या जागेसाठी रांगेत उभा राहिला. तेथे "आधी कुठे होता?" याचे उत्तर द्यायला मालकही उरला नव्हता. परवडणारे घर शोधत यांतील कित्येक कुटुंबे उत्तरेकडे, आमच्या वसई-विरारच्या पट्ट्यातही आली.

२४/ त्यांना कोणीतरी शांतपणे विचारले ते इतिहासकारांनी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचा 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हा मौखिक इतिहास २००४ साली आला. त्यात गिरणगावची माणसे शेठ, मुकादम, युनियन आणि सरकार यांच्याविषयी मोकळेपणी बोलतात. नवी नोकरी मागायची नव्हती आणि समोर मालक नव्हता, म्हणून हे बोलणे शक्य झाले.

२५/ या साऱ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या मालकाविषयी कामगार काय बोलतो हे त्याच्या स्वभावावर कमी आणि समोर कोण बसले आहे यावर अधिक ठरत आले आहे. नव्या मालकापुढे तो गप्प असतो. सभेत आणि आयोगापुढे मागणी करतो. इतिहासकारापुढे हकीकत सांगतो. मुलाखतीची खोली ही यांतील केवळ एक खोली आहे. तेथील मौनावरून "सारे आलबेल होते" असा निष्कर्ष काढणे ही इतिहासाची चूक ठरेल.

२६/ म्हणून मुलाखतीला निघालेल्या माझ्या समवयस्कांसाठी, या इतिहासातून निघणारे व्यावहारिक उत्तर : सेवेच्या दाखल्यासारखे बोला. केव्हापासून केव्हापर्यंत, कोणते काम, काय शिकलो, आणि सोडण्याचे कारण एका खऱ्या वाक्यात. खोटे कौतुक नको. पडताळणीत ते उघडे पडते. मालकाच्या स्वभावाचे वर्णनही नको. ती साहेबाच्या चिठ्ठीचीच उलटी आवृत्ती होईल.

२७/ मात्र पगार थकवला असेल, दाखला अडवला असेल, अपमान झाला असेल, तर मुलाखतीत गिळलेली गोष्ट कायमची गिळू नका. त्यासाठी कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे, संघटना आहे, न्यायालय आहे. तारखा लिहून ठेवा, पत्रे जपून ठेवा. लोखंडेंच्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. पण रविवार आपल्याला मिळाला.

२८/ आणि मुलाखत घेणाऱ्यांसाठी एक प्रश्न. उमेदवार जुन्या मालकाविषयी कसा बोलतो हे आपण बारकाईने पाहता. आपली संस्था सोडून गेलेल्या माणसांविषयी आपण कसे बोलता, हे कोण पाहते? विचारण्याचा अधिकार एकाच बाजूला असणे हा चिठ्ठीच्या काळाचा वारसा आहे. तो चालू ठेवलाच पाहिजे असे नाही.

२९/ जाता जाता एक विनंती. दोन्ही नायगावांतील अनेक घरांत, जुन्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याच्या खणात, आजोबांचे गिरणीचे कार्ड, आजीचे पगारपत्रक, एखादा पिवळा पडलेला सेवेचा दाखला असेल. घर बदलताना तो रद्दीत देऊ नका. त्याचे छायाचित्र काढा. मागे लिहून ठेवा : कोणती गिरणी, कोणते खाते, कोणते साल. आणि ज्यांचा तो कागद आहे ते हयात असतील तर त्यांना विचारा, "काम कसे होते?" धागा समाप्त.